सावंतवाडीचा राजवाडा आणि नववा पत्ता

दिवाळीच्या सुटीत मुलांना कुठे न्यायचे, यावर आमच्या वाडीच्या विहारात दोन रविवार वंदनेनंतर चर्चा झाली. नागपूरची दीक्षाभूमी झाली होती, महाडचे चवदार तळे झाले होते, कार्ल्याची लेणीही झाली होती. लांबचा प्रवास यंदा कोणाच्या खिशाला परवडणारा नव्हता. म्हणून आम्ही सुचवले, की जवळचेच पाहू. सावंतवाडीचा राजवाडा आणि कुडाळजवळ पिंगुळीचे ठाकर समाजाचे कलासंग्रहालय, एका दिवसात दोन्ही होतात.

पिंगुळीला कोणाची हरकत नव्हती. राजवाडा म्हटल्यावर मात्र आमचा एक तरुण कार्यकर्ता उठून उभा राहिला. म्हणाला, "राजेरजवाड्यांचे वैभव आपण कशाला बघायचे? आपल्या आजोबा-पणजोबांना कोणी गावच्या पाणवठ्यावर उभे करीत नव्हते, आणि आपण तिकीट काढून सिंहासन बघायला जायचे?" बोलणे खोटे नव्हते. विहारात थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. मग आम्ही एवढेच म्हटले, की बाबासाहेबांनी ज्या ग्रंथांना विरोध केला ते ग्रंथ आधी मुळापासून वाचले होते, न पाहता नाकारणे ही त्यांची रीत नव्हती. शेवटी हात वर करून मोजदाद झाली आणि राजवाडा चार मतांनी पास झाला. तो तरुणही आला, हे येथे सांगितले पाहिजे.

एस.टी.ची गाडी प्रासंगिक करारावर घेतली. माणशी 400 रुपये वर्गणी, मुलांना निम्मी. एकूण 41 माणसे, त्यांत 17 मुले, आणि सर्वांत वडील म्हणजे ब्याऐंशी वर्षांची आमच्या शेजारची आजी. हिशोबाची वही अर्थातच आमच्याकडे. कारकुनाला सहलीतही सुटी नसते!

मालवणहून चौके-धामापूरमार्गे गाडी निघाली. धामापूरच्या तलावाशी पाच मिनिटे थांबलो. हा तलाव 1530 सालचा, आणि जुनी सिंचन व्यवस्था म्हणून 2020 साली त्याला जागतिक मान मिळाला. मुलांना तो मान वगैरे काही नको होता, त्यांना पाण्यात पाय घालायचे होते. पुढे नेरूरपारच्या पुलावर कर्ली नदी दिसली, कुडाळ मागे पडले आणि साडेदहाच्या सुमारास आम्ही सावंतवाडीत मोती तलावाच्या काठी उतरलो.

तलावासमोरच राजवाडा आहे. तो जांभ्या दगडाचा, म्हणजे आपल्या चिऱ्याचा आहे. बांधला तिसऱ्या खेमसावंतांनी, ज्यांची कारकीर्द 1755 ते 1803 अशी होती. सावंतवाडी हे 1948 पर्यंत संस्थान होते. नंतर ते रत्नागिरी जिल्ह्यात आले आणि 1 मे 1981 पासून आपल्या सिंधुदुर्गात आहे. ही माहिती आम्ही मुलांना फाटकाशी उभे राहून सांगत होतो, तेवढ्यात आजी भिंतीजवळ गेली आणि चिऱ्यावरून हात फिरवू लागली. आजीने आणि तिच्या घरधन्याने उमेदीची वीस वर्षे चिरेखाणीवर काढली आहेत.

"राजान बांधलो म्हणतास," ती आम्हाला म्हणाली, "मगे चिरे कोणी व्हायले? ता खयं लिवलेला आसा?"

तसे कुठे लिहिलेले आमच्या पाहण्यात आले नाही. आम्ही तसे कबूल केले. आजी म्हणाली, "एक चिरो डोक्यावर घेतलो तर मान मोडता. हयसर किती असतीत?" झाले! मुलांनी भिंतीचे चिरे मोजायला सुरुवात केली. पहिला राग मनात घेऊन आलेला आमचा तरुण कार्यकर्ताच त्यांत सगळ्यांत पुढे होता. पन्नास-साठांपर्यंत मोजून झाल्यावर पहारेकऱ्याने हसून आत चला म्हटले.

आत दरबार हॉल आहे. उंच छत, जुनी चित्रे, राजघराण्यातील माणसांची छायाचित्रे, मधोमध गादी. लहान मुले अशा ठिकाणी आपोआप हळू बोलू लागतात, तशी आमचीही बोलू लागली. आम्ही त्यांना मोठ्याने बोला म्हटले. तिकीट काढून आलो आहोत, उपकारावर नाही.

छायाचित्रांपाशी मात्र आम्ही जरा थांबलो. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले 1995 साली वारले. त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी या बडोद्याच्या गायकवाड घराण्यातल्या होत्या, त्या 2018 साली गेल्या. बडोद्याचे नाव घेतल्यावर आमच्या मंडळींचे चेहरे बदलले. याच घराण्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब 1913 साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. आणि त्याच बडोद्यात 1917 साली ते नोकरीला गेले, तेव्हा त्यांना राहायला घर मिळाले नाही. राजाची शिष्यवृत्ती मिळाली, पण राजाच्या शहरात खोली मिळाली नाही. या दोन्ही गोष्टी मुलांना एकाच दमात सांगाव्या लागतात. एकच सांगितली तर अर्धा हिशोब होतो, जमेची बाजू दाखवायची आणि नावेची झाकायची असा.

आता ज्यासाठी या राजवाड्याचे नाव दूरवर आहे त्या गंजिफाकडे येऊ. दरबार हॉलच्या एका बाजूला कारागीर बसून गंजिफाचे पत्ते रंगवतात. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. खेळ इराणकडून आला. बाबराने 1527 साली सिंधमध्ये शाह हसनला गंजिफाचा संच पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफात 8 रंग असतात आणि 96 पत्ते. आपल्याकडे त्याचे दशावतारी रूप झाले. 10 अवतारांचे 10 रंग, प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत 10 पत्ते, म्हणजे 12 गुणिले 10, एकूण 120. नवग्रहांचाही संच असतो, तो 108 पत्त्यांचा. दिवसा खेळायला बसले तर रामाच्या राजाने सुरुवात होते आणि रात्री बसले तर कृष्णाच्या. हा नियम मुलांना फार आवडला. संध्याकाळी दिवे लागताना खेळायला बसले तर काय, असे एकाने विचारले, त्यावर कोणापाशी उत्तर नव्हते.

पत्ता तयार करण्याचे काम नाजूक. कागदाचे थर खळीने चिकटवून चकती करायची. खळ चिंचोक्याची. वर खडूचा पांढरा लेप देऊन घोटायचे, मग बारीक कुंचल्याने रंगवायचे आणि शेवटी लाखेचा हात द्यायचा. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी यांनी 1970 च्या दशकात यात लक्ष घातले तेव्हा ही कला बुडण्याच्या बेतात होती. पुंडलिक चितारी नावाचे वृद्ध कारागीर तेवढे जाणकार राहिले होते. त्यांच्याकडून राजघराण्यातील दांपत्याने स्वतः शिकून घेतले आणि मग इतरांना शिकवले. राजाने कारागिरापुढे विद्यार्थी म्हणून बसावे, हे आम्हाला त्या सिंहासनापेक्षा मोठे वाटले. आमच्या तरुण मित्रानेही मान हलवली.

तेथे बसलेल्या एका ताईंनी मुलांना पूर्ण झालेला संच दाखवला. मासा, कासव, वराह, नरसिंह असे एकेक राजे त्या फळीवर मांडत गेल्या. आमच्या भागात दशावतार म्हटले की जत्रेतला रात्रभरचा खेळ डोळ्यांपुढे येतो, त्यामुळे मुले नावे भराभर ओळखत होती. आठवा कृष्ण झाला. ताईंनी नववा पत्ता ठेवला आणि म्हणाल्या, "हा बुद्ध."

मुले गप्प झाली. पत्त्यावरच्या आकृतीला मुकुट होता, अंगावर दागिने होते. आमची धाकटी सहावीत आहे. तिने विचारले, "बाबा, आपला बुद्ध पत्त्यांत कसा? आणि नववा कसा?"

विहारात दर रविवारी आम्ही बावीस प्रतिज्ञा म्हणतो. बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही, तसे म्हणणे हा खोडसाळ प्रचार आहे, अशा अर्थाची त्यांतली पाचवी प्रतिज्ञा या मुलांना तोंडपाठ आहे. पण पाठ असणे वेगळे आणि तीच गोष्ट इतक्या सुंदर रंगांत, इतक्या सौजन्याने कोणी समोर मांडली म्हणजे काय करायचे, हे वेगळे. ताईंचा यात काही दोष नव्हता. त्या म्हणाल्या, "आम्ही जुन्या नमुन्याप्रमाणे काढतो हो. नववा बुद्धच असतो." आम्ही त्यांचे आभार मानले आणि मुलांना घेऊन बाहेर आलो. खरे सांगायचे तर आम्हालाही विचार करायला दहा मिनिटे हवी होती.

तलावाच्या काठावर डबे सोडले. चपाती, सुकटाची चटणी आणि उकडलेली अंडी. खाता खाता विषय निघाला. आमचा तरुण मित्र म्हणाला, "म्हणूनच मी नको म्हणत होतो." दुसऱ्या एका भगिनी म्हणाल्या, "नसतो आलो तर मुलांना हे कधी कळलेच नसते. उद्या कॉलेजात कोणी तोंडावर फेकले असते तेव्हा गडबडली असती." त्यांचे म्हणणे आम्हाला पटले.

मुलांना आम्ही जे सांगितले ते थोडक्यात असे. सिद्धार्थ गौतम हा माणूस होता. त्याला आई होती, बाप होता, बायको-मुलगा होता. त्याने स्वतः मी देव आहे किंवा देवाचा दूत आहे असे म्हटले नाही. तो गेल्यानंतर शेकडो वर्षे लोटल्यावर पुराणांनी त्याला विष्णूच्या यादीत घातले. बाराव्या शतकातल्या जयदेवाच्या गीतगोविंदात दहा अवतारांत बुद्धाचे नाव आहे, म्हणजे तोवर ते पक्के झाले होते. ज्याला वादात हरवता येत नाही त्याला आपल्या घरातला म्हणून घोषित करायचे, ही जुनी युक्ती आहे. पुढे तर बुद्धाचा चेहराही लोक विसरले. जुन्या मराठी पंचांगांत दशावतारांचे चित्र असते, त्यांत नवव्या जागी नाव बुद्धाचे आणि आकृती विठोबाची असे कितीतरी ठिकाणी आढळते. चित्र काढणाऱ्याने बुद्ध कधी पाहिलाच नव्हता. जो विसरला गेला त्याला मुकुट घातला काय आणि विटेवर उभा केला काय, विचारणारे कोण होते?

"मगे खरो बुद्ध हय कधी नव्हतोच काय?" आजीने विचारले.

होता तर! सावंतवाडीहून महामार्गाने गोव्यात शिरले, की बार्देश तालुक्यात कोलवाळ लागते. त्या कोलवाळजवळ मुशीर येथे 1930 साली फादर हेन्री हेरास या जेझुइट इतिहासकाराला बुद्धाची दगडी मूर्ती सापडली. ती त्यांनी मुंबईला नेली आणि सेंट झेवियर्स कॉलेजातील हेरास इन्स्टिट्यूटच्या संग्रहात ठेवली. उत्तरेकडे गेलो तर दापोली तालुक्यात पन्हाळेकाजीची लेणी आहेत, महाडजवळ गांधारपाल्याची आहेत. चवदार तळ्याचा सत्याग्रह 1927 साली झाला, त्या गावाच्या डोक्यावर डोंगरात बौद्ध भिक्खूंचे विहार कोरलेले होते आणि खाली माणसांना पाणी नाकारले जात होते. कोकणच्या मातीला बुद्ध परका नाही.

कोलवाळच्या मूर्तीची गोष्ट ऐकून मुले एकदम गोवा-गोवा करू लागली. मूर्ती आता गोव्यात नाही, मुंबईत आहे, हे त्यांना पुन्हा सांगावे लागले.

चितारआळीत अर्धा तास दिला. लाकडी आंबे, केळी, फणस, भातुकलीची भांडी यांनी दुकाने भरलेली असतात. लाकडाचा आंबा इतका हुबेहूब, की एका मुलाने वास घेऊन पाहिला. प्रत्येक मुलाला मंडळाच्या खर्चातून एकेक भोवरा घेतला. दशावतारी गंजिफाचा संच घ्यावा की नाही यावर पुन्हा चर्चा झाली. किंमतही आपल्या आवाक्यातली नव्हती, त्यामुळे तत्त्व आणि हिशोब यांचे त्या दिवशी एकमत झाले.

येथे एक अवांतर सांगतो. इटलीत फ्लॉरेन्स नावाचे शहर आहे. तेथील उफिझी हे जगातल्या नामांकित कलासंग्रहालयांपैकी एक. उफिझी याचा अर्थ कचेऱ्या! मेदिची घराण्याच्या राज्यकर्त्याने 1560 साली सरकारी कारकुनांना बसायला ती इमारत बांधायला घेतली, आणि वरच्या मजल्यावर हळूहळू घराण्याची चित्रे जमली. त्या घराण्याच्या शेवटच्या वारस आना मारिया लुइसा या बाईंनी 1737 साली करार करून सगळा संग्रह राज्याला देऊन टाकला. अट एकच, की यातील काही शहराबाहेर जाता कामा नये. ती अट आजही लोकांच्या कामी येते आहे. आमच्या टेबलावरच्या फायली बघून कोणी तिकीट काढील असे वाटत नाही, पण जमवलेले लिहून-करून कोणाच्या तरी ताब्यात द्यावे लागते, हे त्या बाईंना कळले होते.

परतीच्या वाटेवर पिंगुळी. राजवाड्यातून येथे आल्यावर डोळ्यांना फरक जाणवतो. ठाकर समाजातील परशुराम गंगावणे यांनी 2006 साली आपल्या गुरांच्या गोठ्यात हे संग्रहालय सुरू केले, ठाकर आदिवासी कला आंगण. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रकथीची जुनी चित्रे येथे पोथ्या बांधून जपलेली आहेत. एकेक चित्र समोर धरून, वाद्यावर गात, रामायण-महाभारताची कथा सांगायची अशी ती कला. शिवाय कळसूत्री बाहुल्या आहेत आणि चामड्याच्या सावलीच्या बाहुल्या आहेत. सावंतवाडीच्या राजांनी या कलेला आश्रय दिला होता. आश्रय संपल्यावर पोट भरण्यासाठी ही माणसे गावोगाव फिरत राहिली. दारात आलेल्याला पसाभर तांदूळ घालणारे गाव त्याला कलावंत म्हणत नव्हते. आज परदेशातून माणसे तो गोठा बघायला येतात.

आम्हाला बाहुल्यांचा लहानसा खेळ दाखवण्यात आला. मुले जमिनीवर बसून खदखदा हसत होती. आजी मात्र मागच्या बाकावर गप्प होती. खेळ संपल्यावर आम्ही पाणी दिले, तेव्हा ती म्हणाली, "माझ्या बापाशीची काठी होती. गावकीची. घुंगरा लावलेली."

ही गोष्ट आम्ही इतक्या वर्षांत कधी ऐकली नव्हती. 1957 साली त्यांच्या गावात धम्मदीक्षा झाली, तेव्हा आजी चौदा वर्षांची होती. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांनी घरातले देव टोपलीत भरले, गावकीची काठी आणि घोंगडी त्यावर ठेवली आणि ओहोटीच्या वेळी सगळे खाडीत सोडले. काठीची घुंगरे पाण्यात शिरेपर्यंत वाजत होती, असे ती म्हणाली. वडील घरी येऊन जेवले आणि दुसऱ्या दिवसापासून गावकीच्या कामाला गेले नाहीत. त्या पावसाळ्यात घरात खायचे हाल झाले.

"सोडल्यान ता बरा केल्यान," आजी म्हणाली. "पण आज ती काठी असती तर ह्या पोरांका दाखवलंय असतंय. हातात दिलंय असतंय. बगा, म्हटलंय असतंय, किती जड होती ती."

आमच्या तरुण मित्राने तिच्याजवळ बसून विचारले, "आज्ये, टाकली नसती तर तुमका गावकी सोडूक मिळाली असती?" आजीने बराच वेळ विचार केला आणि मान हलवली. नाही, म्हणाली. टाकायलाच हवी होती.

गाडीत बसल्यावर हाच विषय चालू राहिला. नागपूरजवळ चिचोली येथे बाबासाहेबांचा टंकलेखन यंत्र आणि कपडे जपून ठेवले आहेत, ते नानकचंद रत्तू यांनी सांभाळून दिले म्हणून. पुण्यात सिंबायोसिसच्या संग्रहालयात माईसाहेबांनी दिलेल्या वस्तू आहेत. ही मोठ्या माणसाची गोष्ट झाली. आमच्या वाडीत काय आहे, याची मुलांनी गाडीतच यादी करायला घेतली. एकाच्या घरी आजोबांचा गिरणीतला बिल्ला आहे. एकीच्या घरी पणजोबांचे फौजेतले पदक आहे, ते तिच्या आईने तांदळाच्या डब्यात ठेवले आहे. एकाच्या घरी बीडीडी चाळीतली जुनी भाड्याची पावती आहे. आजी म्हणाली, तिच्याकडे चिरे व्हायची चुंबळ आहे, अजून फाटलेली नाही.

ही सारी यादी आमच्या हिशोबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर, मुलांच्या अक्षरात आहे. 14 वस्तू झाल्या. विहारात भिंतीला एक काचेचे कपाट बसवायचे ठरते आहे. सुताराला माप दिले आहे, दर अजून सांगितलेला नाही. हेरास इन्स्टिट्यूटला मूर्ती पाहण्याच्या परवानगीसाठी पत्र लिहायचे काम धाकटीकडे दिले आहे. तिने पहिला मसुदा केला, त्यात लिहिले, "आम्हाला आमचा बुद्ध बघायचा आहे, मुकुट नसलेला." आम्ही मुकुटाचे वाक्य खोडले होते. तिने ते पुन्हा लिहिले आहे.